ओटीचे हजार तास

मी मुंबईला ओटी शिकायला जाणार, असं घरात जाहीर झालं तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याने हातातला खण खाली ठेवला. ‘ओटी शिकायला मुंबईला कशाला? नारळ, तांदूळ, हळदकुंकू. बस इथे, मी शिकवते.’ तिला समजावलं, आत्या, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. तिने मान डोलावली आणि पुढचा आठवडाभर वाड्यात सांगत राहिली की पोरगी ऑपरेशन थिएटरात कामाला लागणार. तिला दोष देत नाही. साडेचार वर्षांनी पदवी घेऊन बडोद्याला परतले आणि एका हॉस्पिटलात जाऊन ‘मी ओटी’ म्हणाले, तर तिथल्या माणसाने मला दुसऱ्या मजल्याचा जिना दाखवला होता.

मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण बडोद्यात व्यवसाय म्हटलं की डोळ्यांसमोर गल्ला येतो. बाबांच्या एका मित्राने तर मुलाचं दुकान तोट्यात आहे, काही उपचार होईल का, असं निम्मं गमतीत आणि निम्मं आशेने विचारलं होतं. मी सांगायची ते असं: पक्षाघात झालेल्या माणसाचा हात वर जाऊ लागला की बाकीचे खूश होतात, त्या हाताने त्याला सदऱ्याचं बटण लावता येतं का, तांब्या धरता येतो का, हे बघणारी ती मी. येत नसेल तर हाताला शिकवायचं. हात शिकत नसेल तर बटण बदलायचं, तांब्या बदलायचा, नाहीतर ओटा खाली आणायचा. ओटीवाली ओट्याची उंची मोजते, हा विनोद आम्ही कॉलेजात इतक्यांदा केलाय की आता त्याचं हसू येत नाही.

२०११ साली मी इंग्लंडला जायचं ठरवलं. बडोद्यात परदेशी ‘जात’ नाहीत, ‘फाइल मूकतात’. म्हणजे फाइल टाकतात. जिन्यात भेटलेली शेजारीण ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी ‘फाइल क्यां पहोंची?’ विचारते. अलकापुरीत, सयाजीगंजात एकेका इमारतीत तीन-तीन व्हिसा सल्लागार. त्यातल्या एकाने माझे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, ‘नर्सिंग असतं तर सोपं होतं.’ ओटीची फाइल त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. फी मात्र नर्सिंगचीच सांगितली. मी उठले.

अमेरिका का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. बडोद्याच्या दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी न्यू जर्सीला असतंच. अमेरिकेने २००७ पासून या क्षेत्रात पाऊल टाकायला किमान मास्टर्स लागेल असं ठरवलं होतं आणि माझ्याकडे होती साधी बॅचलर्स. तिथे आधी तुमचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाला समान आहे का ते तपासतात, मग परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, मग व्हिसासाठी निराळी पडताळणी. कॅनडातही परीक्षा. इंग्लंडमध्ये विषयाची परीक्षा नव्हती. तिथे होती ती कागदांची छाननी. मला वाटलं, कागद काय, गोळा करू. परीक्षा परवडली असती.

नोंदणीसाठी ज्या संस्थेकडे फाइल जायची तिचं नाव तेव्हा हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिल. २०१२ च्या ऑगस्टात इंग्लंडमधले सोशल वर्करही तिच्याकडे आले आणि नावात ‘केअर’ घुसलं. आता सगळे एचसीपीसी म्हणतात. माझा पत्रव्यवहार एका नावाच्या संस्थेशी सुरू झाला आणि दुसऱ्या नावाच्या संस्थेशी संपला, म्हणून हे लक्षात आहे. पण नाव बदललं ते माझंही होतं. शाळेच्या दाखल्यावर गुजराती पद्धतीने आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. पदवीवर मुंबईच्या पद्धतीने आईचं नाव शेवटी. पासपोर्टवर लग्नानंतरचं. जन्मगाव एका कागदावर बडोदा, दुसऱ्यावर वडोदरा. शहराचं नाव सरकारने १९७४ मध्ये बदललं, तरी दाखला लिहिणाऱ्या मास्तरांचा हात जुन्याच वळणाचा. या सगळ्या बायका एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र न्यायमंदिराजवळच्या एका टायपिस्टने सुरसागर तलावाकडे पाठ करून वीस मिनिटांत बडवून दिलं. त्याने कशाचंही आश्चर्य केलं नाही. रोज अशा दहा बायका एक करत असेल.

इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. नऊपैकी एकूण सात हवेत आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली चालत नाही. पहिल्या वेळी लिखाणात सहा. त्यावर जास्त बोलत नाही.

खरा अर्ज म्हणजे कोर्सची माहिती देणारा फॉर्म. तो आपण भरायचा नसतो, कॉलेजने भरायचा. कुठला विषय किती तास शिकवला, कुठल्या वॉर्डात किती आठवडे काम केलं, कुणाच्या देखरेखीखाली, त्यातून विद्यार्थी काय करायला शिकला. त्या पानांवरून दोन तपासनीस ठरवतात की या बाईला त्यांच्या माणसांच्या न्हाणीघरात शिरू द्यावं की नाही. ठीक असेल तर नोंदणी. शंका असेल तर आणखी माहिती. उणीव असेल तर ती भरून काढायची.

माझं कॉलेज ओटींच्या जागतिक महासंघाने, डब्ल्यूएफओटीने, मान्य केलेलं होतं. डब्ल्यूएफओटीची ही मान्यता पुष्कळ देशांत दाराबाहेरची पायरी म्हणून कामी येते. मात्र ती मान्यता म्हणजे नोंदणी नव्हे, हे मला उशिरा कळलं. तुमचा कोर्स पात्र आहे एवढंच ती सांगते, तुमच्याबद्दल काही बोलत नाही. या महासंघाची एक अट आमच्या पिढीतल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे: प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं काम किमान एक हजार तास.

मी कॉलेजात विचारलं, माझे तास किती?

‘असं पत्र आम्ही देत नाही,’ खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले. ‘फॉरमॅट नाही.’ मी म्हटलं, फॉरमॅट मी आणलाय, त्यांनीच छापलाय. ते म्हणाले, तो त्यांचा फॉरमॅट, आमचा नाही. या वाक्याला उत्तर नाही. रात्रीची वडोदरा एक्सप्रेस पकडायची, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरून तोंड धुवायचं, दिवसभर खिडकीपुढे उभं राहायचं आणि रात्री परत. चार खेपा झाल्या. मस्टर होतं, पण ते हजेरीचं. त्यात ‘पी’ आणि ‘ए’ होते, तास नव्हते. आमच्याकडे तास मोजायची पद्धतच नव्हती. वॉर्डात सकाळी जायचं आणि मॅडम ‘जा आता’ म्हणाल्या की निघायचं.

शेवटी त्या मॅडमकडेच गेले. तोवर निवृत्त झाल्या होत्या, गुडघे गेले होते. त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आत दर वर्षीच्या डायऱ्या. कोण कुठल्या पोस्टिंगला, किती ते किती, त्या दिवशी कुणी काय केलं. माझ्या नावापुढे एका शुक्रवारी मनगटाच्या आधारपट्टीबद्दल लिहिलं होतं: ‘कॉक-अप स्प्लिंट. वाकडं. पुन्हा.’ आणि पुढच्या मंगळवारी: ‘बरं.’ माझ्या साडेचार वर्षांचं मूल्यमापन त्या एका अक्षरी-दीड अक्षरी नोंदींत होतं आणि ते कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा खरं होतं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही हिशेब मांडला. इंटर्नशिपचे सहा महिने, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे सात तास. सणवार, आजारपण वजा केलं तरी तेवढ्यानेच हजाराच्या काठाशी पोचलो. त्याआधीची पोस्टिंग निराळी. मॅडम मध्येच थांबून म्हणाल्या, ‘मनोरुग्णालयातले दुपारचे दोन तास धरलेस का? तुम्ही तेव्हा चहाला पळायचात.’ मी धरले होते. खोडले.

ती दुपार मात्र आठवली. तिथे हातमाग होता, सुतारकाम होतं आणि कागदी पाकिटं करणारे एक गृहस्थ होते. प्रत्येक पाकिटाची एक बाजू ते न चिकटवता सोडायचे. मी विचारलं, ही का उघडी? ‘कुणाला आत काही ठेवायचं असेल तर.’ पुढे इंग्लंडहून पत्र आलं की मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात तुम्ही काय शिकलात ते अधिक तपशिलाने कळवा, तेव्हा मी दीड पान लिहिलं. मूल्यमापन, गटकार्य, कामाची सवय लावणं, सगळं. पाकिटं लिहिली. उघडी बाजू लिहिली नाही. ती कुठल्या रकान्यात घालायची?

आता जरा तिरकं जाते. भारतात हा विषय सुरू केला तो परदेशी पदवी घेऊन उलट्या दिशेने आलेल्या बाईंनी. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी, लग्नानंतर कमलाबाई निंबकर. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात त्यांनी ओटीची शाळा काढली, आशियातली पहिली. १९५२ मध्ये लिव्हरपूलला बैठक होऊन जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा त्या दहा संस्थापक देशांत भारत होता. ब्रिटन, अमेरिका, स्वीडन यांच्या पंगतीला. म्हणजे हजार तासांची अट जगासाठी घालणाऱ्या घरातलेच आपण. आणि तरीही २०११ साली मला अर्जात ‘तुमच्या देशातली नोंदणी’ हा रकाना भरायचा होता, तेव्हा देशपातळीवर अशी नोंदवही नव्हती. महाराष्ट्राची परिषद होती, तिचा कायदा २००२ चा, दिल्लीची होती. मी शिकले महाराष्ट्रात म्हणून तिथला नंबर मिळाला. पण प्रॅक्टिस करत होते बडोद्यात. माझ्या शेजारच्या गल्लीत एका गृहस्थांनी सहा महिन्यांचा कसलासा कोर्स करून ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावली होती आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त गर्दी असे. इंग्लंडमध्ये ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना लावली तर गुन्हा. त्या खिडकीपुढे उभी असताना मी छाननीला शिव्या दिल्या हे खरं, पण ती पाटी दिसली की वाटायचं, विचारू देत, आणखी चार प्रश्न विचारू देत. मी नेमकं काय करते हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सहचिकित्सा व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात आमचंही नाव आहे. महासंघाची स्थापना ते हा कायदा, मध्ये ६९ वर्षं.

आणि कागद पुरे झाले म्हणून सगळं पुरं होतं असंही नाही, हे बडोद्याच्या माणसाने तरी विसरू नये. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला आले, तर या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून हुसकावले गेल्यावर ते कमाटी बागेत झाडाखाली बसून राहिले. आम्ही लहानपणी त्याच बागेत छोट्या आगगाडीसाठी हट्ट करायचो. माझी फाइल हातात घेऊन मी त्या बागेतून अनेकदा गेले आहे, आणि तिथे माझी तक्रार दर वेळी आपोआप आवाज खाली करायची.

नोंदणीचं पत्र आलं. आत्याने खरीखुरी ओटी भरली. मी लेस्टरला कामाला लागले.

तिथे वॉर्डाला लागून सरावाचं स्वयंपाकघर असतं. म्हाताऱ्या माणसाला घरी सोडायच्या आधी ओटी त्याला तिथे नेते आणि म्हणते, गरम काहीतरी करून दाखवा. बहुतेक वेळा चहाच. किटलीत पाणी भरता येतं का, तोल जातो का, आधी काय मग काय हे लक्षात राहतं का, गॅस किंवा बटण बंद होतं का. साधी वाटते, पण फार बोलकी परीक्षा आहे. माझ्या आधीच्या पाळीतल्या सहकारिणीने एका बांच्या, म्हणजे गुजराती आजींच्या, कागदावर लिहिलं होतं: क्रम लावण्यात अडचण, एकटीने स्वयंपाक असुरक्षित. बा ऐंशीच्या घरातल्या. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा कंपालाहून आलेल्या. डोक्यात छोटा झटका येऊन गेला होता. मी त्यांना त्याच किटलीपुढे उभं केलं. त्या कपाकडे बघत, चहाच्या पुडीचा दोरा हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

‘बा, चा केवी रीते बनावो छो?’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बडोद्यातल्या कुठल्याही सासूने पाहावं. आधी तपेलीत पाणी. आदू ठेचायचं, किसायचं नाही. पत्ती, साखर, उकळी. मग दूध. दूध घातल्यावर दोन उकळ्या, वर येऊन खाली बसलं पाहिजे. एकही पायरी चुकली नाही. चुकली असेल तर माझी, कारण मी आलं किसते. दुसऱ्या दिवशी घरून पातेलं आणि आलं घेऊन गेले. बांनी शेगडीपाशी एका हाताने ओट्याचा आधार घेत तीन कप चहा केला, शेगडी बंद केली, फडक्याने सांडलेलं पुसलं आणि माझ्या वरिष्ठ बाईंना कप दिला. त्यांनी एक घोट घेतला, अजून एक घेतला आणि म्हणाल्या, हे लिहून ठेव. मी लिहिलं: स्वतंत्रपणे, स्वतःच्या पद्धतीने, सुरक्षित. बा घरी गेल्या. फॉर्मवर किटलीचा रकाना तसाच राहिला.

माझ्या फाइलमध्ये शरीररचनेचे तास होते, स्प्लिंटचे होते, मनोरुग्णालयाचे होते. गुजरातीचा एकही नव्हता. दांडिया बाजारातल्या जिन्यात, दूधवाल्याशी, भाडेकरूंशी, शाळेच्या रिक्षात मी ती शिकले, आणि लेस्टरमध्ये त्या भाषेने माझी जेवढी कामं केली तेवढी पदवीने केली असतील का, शंका आहे.

२०१६ मध्ये आईला झटका आला आणि मी परतले. नोंदणीचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वेळी मेल उघडून ठेवला, दुसऱ्या वेळी उघडलासुद्धा नाही. पाच वर्षांहून जास्त खंड पडला की परत नोंदणीसाठी साठ दिवसांची उजळणी दाखवावी लागते. साठ दिवस फार नाहीत. पण आईला सकाळी आंघोळीला उठवायचे ते दिवस होते, आणि ती उजळणी कुणी धरत नाही.

आता भाचीची फाइल. ती ओटी झाली याचं खापर घरात माझ्यावर फुटतं. तिला ऑस्ट्रेलिया हवंय. तिथे ओटीची स्वतंत्र कौन्सिल आधी शिक्षण आणि कौशल्य तपासते, मग आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या आह्प्राची नोंदणी, आणि स्थलांतराच्या अर्जात कामाचा सांकेतिक क्रमांक, २५२४११. तो तिला स्वतःच्या मोबाईल नंबरासारखा पाठ आहे. सगळं ऑनलाइन, सगळं रंगीत स्कॅन. न्यायमंदिराजवळ टंकयंत्रासमोर उकिडवं बसावं लागलं नाही, म्हणून मला तिचा थोडा हेवाच वाटतो.

गेली दोन वर्षं ती दुपारी माझ्या क्लिनिकमध्ये काम करते. परवा म्हणाली, ‘मावशी, अनुभवाचं पत्र तुझ्याकडूनच लागेल. तास, कामाचं स्वरूप, देखरेख कशी केली ते.’ मी म्हटलं, लिहिते की, त्यात काय. बसले आणि लक्षात आलं, मी तास मोजलेलेच नाहीत. मॅडमच्या ट्रंकेवर जिचे डोळे भरून आले होते त्या बाईने स्वतः एक डायरी ठेवली नव्हती. असल्याच तर अपॉइंटमेंटच्या वह्या. त्यात नाव, वेळ आणि ‘पैसे बाकी’. मी खिडकीपलीकडच्या त्या गृहस्थांना मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी माफ केल्या, सगळ्या नाही.

आठवडाभर संध्याकाळी आम्ही दोघी वह्या पसरून बसतोय. ती लॅपटॉपवर तक्ता करते, मी आठवते. काल एका नोंदीपाशी अडलो. ‘रावपुरा काकू. कणीक.’ या काकूंचा उजवा हात गेल्या वर्षी झटक्याने लुळा पडला होता. घरी ओटा उंच, बसून काम होईना, म्हणून आम्ही परात बुटक्या स्टुलावर ठेवून दिली होती. काकूंनी डाव्या हाताने पाणी घातलं, उजव्याने चाचपडत कणीक गोळा केली आणि तेवढा वेळ भाचीला झापत राहिल्या की पाणी जास्त झालंय, तुझ्या आईने काही शिकवलं नाही का, माहेरी आम्ही किलो-किलो मळायचो.

‘याला काय लिहू?’ भाची.

‘द्विहस्त कार्य, दैनंदिन कामातलं.’

‘किती वेळ?’

मी आठवलं. पाणी, पीठ, गोळा, हात धुणं. ‘पाऊण तास.’

‘त्यातला निम्मा वेळ तर त्या मला बोलत होत्या. तो धरू?’

‘धर,’ मी म्हटलं. ‘झटक्यानंतर चार महिने त्या कुणाशी बोलत नव्हत्या.’